घराण्याची मूळकथा कशी लिहावी : आइसलँड, आयर्लंड आणि करवीर

कोल्हापुरातल्या बऱ्याच घरांप्रमाणे आमच्याही घरातली एक मुलगी परदेशी नांदते. माझ्या भाचीचे सासर आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात आहे आणि तिच्या सासूबाईंचे माहेर नॉर्वेतले. तिच्या दोन मुलांना आपण मूळचे कोण आणि कुठले, हे प्रश्न पडू लागले, तेव्हा सगळ्या घराण्यांची मिळून एक मूळकथा लिहून देण्याचे काम तिने माझ्याकडे सोपवले. त्यासाठी तीन वर्षे केल्टिक (आयर्लंड, वेल्सकडच्या) आणि नॉर्स (नॉर्वे, आइसलँडकडच्या) पुराणकथा वाचताना, आणि त्याच वेळी आमच्या भावकीतल्या आठवणी गोळा करताना, जी रीत हाताला लागली ती असे काम हाती घेणाऱ्यांसाठी इथे मांडत आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट ध्यानात घ्यावी की केल्टिक पुराण नावाचा एकच ग्रंथ किंवा एकच परंपरा नाही. आयर्लंडची परंपरा वेगळी, वेल्सची वेगळी, आणि युरोपच्या मुख्य भूमीवर राहणाऱ्या केल्टिक लोकांनी तर आपल्या देवांच्या कथा स्वतः लिहून ठेवलेल्या नाहीत. त्यांच्याविषयी जे कळते ते शिलालेख, मूर्ती आणि रोमन लेखकांच्या नोंदींतून. म्हणून ज्या घराण्याची कथा लिहायची ते आयरिश आहे की वेल्श, हे आधी विचारून घ्यावे आणि वाचनाचा आवाका तेवढाच ठेवावा. नॉर्सच्या बाबतीत काम थोडे सोपे आहे, कारण बहुतेक कथा आइसलँडमध्ये लिहिल्या गेलेल्या हस्तलिखितांतूनच आपल्यापर्यंत आल्या आहेत.

वाचायला बसताना वहीत तीन रकाने आखावेत. घटना कोणत्या काळातली म्हणून सांगितली जाते हे पहिल्यात, ती लिहिली केव्हा गेली हे दुसऱ्यात आणि आपल्या हातातले भाषांतर किंवा पुस्तक केव्हाचे आहे हे तिसऱ्यात नोंदवावे. हे रकाने भरू लागले की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. आइसलँडने साधारण इ. स. 1000 च्या सुमारास ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण स्नोरी स्टर्लुसनने आपला 'एडा' लिहिला तो 1220 च्या सुमारास. म्हणजे ओडिन आणि थोर यांच्या कथा सलगपणे मांडणारा हा लेखक त्या देवांची पूजा बंद झाल्यानंतर दोनशे वर्षांनी लिहीत होता आणि स्वतः ख्रिस्ती होता. देवांविषयीच्या जुन्या कवितांचे सर्वांत महत्त्वाचे हस्तलिखित 1270 च्या सुमाराचे आहे. ते तीनशेहून अधिक वर्षे डेन्मार्कच्या राजाच्या संग्रहात राहिले आणि 1971 मध्ये आइसलँडला परत मिळाले. आयर्लंडमध्येही 'लेबोर गबाला एरेन', म्हणजे आयर्लंडवर एकामागून एक आलेल्या वसाहतकारांची कथा, अकराव्या शतकात ख्रिस्ती विद्वानांनी रचली आणि तिचा आरंभ थेट बायबलमधल्या नोआच्या नातीपासून केला. त्या कथेतले तुआहा दे दानान हे मुळात देव असावेत असे बहुतेक अभ्यासक मानतात, परंतु रचणाऱ्यांनी त्यांना जिंकले गेलेले एक जुने लोक म्हणून पिढ्यांच्या क्रमात बसवले. कॉर्कच्या विद्यापीठाने 'सेल्ट' या नावाने आयरिश ग्रंथांचा मोठा संग्रह इंटरनेटवर खुला ठेवला आहे आणि लंडनच्या व्हायकिंग सोसायटीने आपली अनेक भाषांतरे विनामूल्य उपलब्ध करून दिली आहेत, त्यामुळे कोल्हापुरात बसूनही मूळ ग्रंथांपर्यंत पोहोचता येते.

तिसरा रकाना मी सुरुवातीला भरत नव्हतो आणि त्याची किंमत मला मोजावी लागली. आमचे देवक कळंबाचे आहे. केल्टिक लोक वर्षाचे महिने झाडांच्या नावांनी मोजत असत, असे एका ठिकाणी वाचून मी कळंब आणि ते झाडांचे पंचांग यांची सांगड घालणारे एक अख्खे प्रकरण लिहिले आणि भावकीत वाटलेही. ते पंचांग म्हणजे विसाव्या शतकातल्या एका इंग्रज कवीची रचना आहे, हे मला नंतर कळले. तोवर त्या प्रकरणाच्या प्रती चार गावांत गेल्या होत्या आणि प्रत्येक घरी जाऊन ते पान बदलून द्यावे लागले. वेल्श परंपरेतही इओलो मोर्गन्वग या (1747 ते 1826) विद्वान कवीने स्वतः रचलेला कितीतरी मजकूर प्राचीन म्हणून पुढे केला होता आणि तो पुढची शंभर वर्षे खरा मानला गेला. व्हायकिंगांचे होकायंत्र म्हणून हल्ली अंगावर गोंदवले जाणारे 'वेग्विसिर' हे चिन्ह 1860 च्या एका आइसलँडी हस्तलिखितात आढळते. ते व्हायकिंग काळातले असल्याचा पुरावा नाही. व्हायकिंगांचे म्हणून दाखवले जाणारे शिंगांचे शिरस्त्राणही एकोणिसाव्या शतकातल्या रंगभूमीने लोकप्रिय केले. नाझींनी उत्तर युरोपच्या जुन्या लिपीतली काही रून अक्षरे आपल्या चिन्हांत वापरली असल्यामुळे घराण्याच्या कथेवर सजावट म्हणून रून काढण्याआधी तिकडच्या नातेवाइकांना जरूर विचारावे.

आता खऱ्या कामाकडे वळू. देवांचे पूर्वज कसे होतात, हे या ग्रंथांतून बारकाईने पाहावे, कारण मूळकथेचे कौशल्य तिथेच आहे. बाराव्या शतकात आइसलँडचा पहिला इतिहास लिहिणाऱ्या आरी थोरगिल्सनने ग्रंथाच्या शेवटी स्वतःची वंशावळ दिली आहे. ती इंग्वी, न्योर्ड आणि फ्रे या देवांच्या नावांपासून निघते, पिढ्या मोजत खाली येते आणि 'माझे नाव आरी' या अर्थाच्या शब्दांवर थांबते. इंग्लंडमधल्या वेसेक्सच्या राजांनी आपली वंशावळ वोडेन देवापर्यंत नेली होती. पुढे ख्रिस्ती लेखकांनी ती वोडेनच्याही मागे नेऊन नोआला जोडली. धर्म बदलला तरी जुना देव काढून टाकला गेला नाही, त्याच्यामागे आणखी एक पूर्वज उभा केला गेला.

हे वाचताना करवीरकराला शिलाहारांची आठवण व्हायला हवी. पन्हाळ्यावरून आणि कोल्हापुरातून राज्य करणारे हे घराणे आपल्या लेखांत स्वतःला विद्याधर जीमूतवाहनाचे वंशज म्हणवते. नागाचा जीव वाचवण्यासाठी शिळेवर बसून गरुडापुढे स्वतःचा देह ठेवणारा तो जीमूतवाहन; शिलाहारांच्या ध्वजावर सुवर्णगरुड होता. त्याच लेखांत ते 'तगरपुरवराधीश्वर' ही पदवीही मिरवतात, म्हणजे आपले मूळ तगर, आजचे तेर, इथले असल्याचे सांगतात. पुराणातला एक पूर्वज, जमिनीवरचे एक खरे गाव आणि डोळ्यांना दिसणारी एक खूण, या तिन्ही गोष्टी त्यांनी जोडून ठेवल्या. मूळकथा उभी राहायला एवढे साहित्य पुरते आणि यातले एक जरी नसले तरी कथा तरंगू लागते.

घरातले साहित्य गोळा करताना आधी माणसांकडे जावे, कागदांकडे नंतर. आमच्या भागात हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी वहीत राखून त्या म्हणून दाखवणारे लोक, अजूनही येतात. आमच्या घरी आलेल्या हेळव्याने सोप्यात बसून फडक्यात बांधलेली वही सोडली आणि कानडी वळणाच्या मराठीत नावे वाचायला सुरुवात केली. चौथ्या पिढीशी आल्यावर माझ्या आईने त्याला थांबवले, कारण तिथे दोन भावांपैकी ज्याचे नाव आमच्या घरी कोणी घेत नाही तेही त्याच्या वहीत होते. सुपातली ज्वारी त्याच्या झोळीत घालताना आईचा हात थबकला, आणि त्या भावाची हकिगत मला त्या रात्री पहिल्यांदा ऐकायला मिळाली. वंशावळ तोंडाने म्हणणाऱ्या माणसाचे हे स्थान तिकडेही होते; 1249 मध्ये स्कॉटलंडचा राजा तिसरा अलेक्झांडर याच्या राज्यारोहणाला डोंगराळ मुलखातल्या एका वृद्धाने पुढे होऊन त्याची वंशावळ गेलिक भाषेत म्हटली होती. हेळव्याकडून ऐकताना ध्वनिमुद्रण करण्याची परवानगी घ्यावी, मान द्यावा आणि मध्ये दुरुस्त्या सुचवू नयेत.

कागदांत कोतवाल बुकाच्या जन्ममृत्यूच्या नोंदी, जुने फेरफार आणि शाळेचे जनरल रजिस्टर यांच्या नकला काढाव्यात. जुन्या नोंदी मोडीत असतात, म्हणून मोडी वाचणाऱ्याची मदत लागते. कोल्हापूर संस्थानचे दप्तर शहरातल्या पुराभिलेखागारात आहे. नाशिक किंवा त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या गावाचे पान असेल तर तेही पाहावे.

साहित्य हाती आले की लिहिण्याचा प्रश्न येतो आणि इथे आइसलँडी कथा फार शिकवून जातात. इंगोल्फुर आर्नार्सन हा आइसलँडचा पहिला कायमचा वसाहतकार मानला जातो. किनारा दिसताच त्याने आपल्या बैठकीचे कोरीव खांब समुद्रात टाकले आणि ते जिथे लागतील तिथे वस्ती करण्याचा संकल्प केला. ते शोधायला त्याच्या गुलामांना तीन वर्षे लागली आणि ते सापडले तिथे आज रेक्याविक आहे. आमच्या घरी सांगतात की मूळ पुरुष दुष्काळात देवाचे टाक पाटीत घेऊन निघाला आणि भोगावती नदीच्या काठी पाटी खाली ठेवल्यावर ती पुन्हा उचलेना, म्हणून वस्ती तिथेच झाली. हे साम्य दिसल्यावर मी आमच्या कथेत खांब आणले नाहीत; उलट त्या पाटीकडे नीट पाहिले, ती वेताची होती की बांबूची, टाक किती होते, कोणता झिजलेला आहे, हे देव्हाऱ्यापुढे बसून लिहून काढले. परक्या कथेकडून रचना घ्यावी, वस्तू मात्र आपल्याच घरातली असावी.

स्थळांच्या नावांबाबतही तसेच करावे. आयर्लंडमध्ये स्थळनामांच्या कथांचा 'दिन्शेनखस' नावाचा स्वतंत्र साहित्यप्रकार आहे. गरोदर असूनही राजाच्या घोड्यांशी शर्यत धावायला लावलेली माखा शर्यत जिंकते, तिथेच जुळ्यांना जन्म देते आणि उत्तर आयर्लंडकडच्या अल्स्टर प्रांतातल्या पुरुषांना शाप देते. त्या जुळ्यांवरून त्या जागेला एव्हिन माखा (माखाची जुळी) हे नाव पडले, असे ती कथा सांगते. आपल्याकडे ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर का जाते आणि तिथे कोहळा का फोडला जातो, याची कथा त्याच जातीची आहे. आपल्या शिवारातल्या प्रत्येक पट्टीचे, ओढ्याचे आणि पाणवठ्याचे नाव म्हाताऱ्या माणसांकडून विचारून घ्यावे. सातबाऱ्यावर गट नंबर आले आणि ही नावे बोलण्यातूनही जाऊ लागली आहेत.

दोन घराणी जोडताना सर्वांत मोठा मोह असतो तो देवांची बरोबरी करण्याचा. ज्योतिबा म्हणजे आयरिश देव लुघ, इंद्र म्हणजे थोर, अशी समीकरणे मांडणे सोपे असते, पण त्याने दोन्ही देव पातळ होतात. कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली ग्रीक देव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या व्यापाराबरोबर इतक्या दूर येऊनही तो समुद्रदेव पोसायडनच राहिला आहे, आणि म्हणूनच त्याच्यासमोर उभे राहिल्यावर तो केवढा प्रवास करून आला हे जाणवते. घराणी जोडायची ती माणसांच्या भेटीतून. 'लॅक्सडेला सागा' या जुन्या आइसलँडी गद्यकथेत होस्कुल्ड नावाचा आइसलँडी शेतकरी एक मुकी गुलाम स्त्री विकत घेतो. एके दिवशी सकाळी शेताखालच्या ओढ्याकाठी त्याला बोलण्याचा आवाज येतो; जाऊन पाहतो तर ती आपल्या लहान मुलाशी बोलत असते. मग ती सांगते की आपण आयर्लंडच्या राजाची मुलगी मेलकोर्का आणि पंधराव्या वर्षी पळवल्या गेलो. पुढे तिचा मुलगा ओलाफ आजोळी जातो तेव्हा तिने दिलेली सोन्याची अंगठी ओळख पटवते. नॉर्स आणि आयरिश रक्त एकत्र आले ते त्या ओढ्याकाठच्या बोलण्यात. माझ्या भाचीच्या मुलांसाठी मी दोन्हीकडच्या कथा जोडल्या त्या अशाच एका प्रसंगावर : कॉर्कमधल्या स्वयंपाकघरात ती मुलाला मराठीत झोपवते आणि दारातून तिच्या सासूबाई ऐकत उभ्या राहतात. हा प्रसंग खरा आहे, सासूबाईंनीच तो मला सांगितला.

शेवटची रीत प्रामाणिकपणाची. 'ताइन' या आयरिश महाकथेच्या बाराव्या शतकातल्या प्रतीच्या शेवटी आयरिश भाषेत एक आशीर्वाद आहे, जो कोणी ही कथा जशीच्या तशी पाठ करील आणि तिच्यात भर घालणार नाही त्याच्यासाठी. त्याच्या लगेच खाली लॅटिनमध्ये, ही कथा मी उतरवली खरी पण यातल्या कित्येक गोष्टींवर माझा विश्वास नाही, अशा अर्थाची नोंद आहे. या दोन्ही नोंदी आपल्या वहीतही हव्यात. मी कागदावर मिळालेले काळ्या शाईने, तोंडून ऐकलेले निळ्या शाईने आणि माझ्या कल्पनेतले हिरव्या शाईने लिहिले आहे. छापील प्रतीत त्यासाठी अक्षरांचे तीन प्रकार वापरता येतात. हिरव्या शाईतला मजकूर कुणी दाखल्याच्या किंवा वारशाच्या कामी पुरावा म्हणून पुढे करू नये, हे पहिल्याच पानावर स्पष्ट लिहावे.

मजकूर पुरा झाला की तो छापण्याआधी मोठ्याने वाचून दाखवावा, शक्य तर गोंधळाच्या किंवा जत्रेच्या रात्री, जेव्हा भावकी एकत्र असते. वाचताना कोणी 'असं नव्हतं ते' म्हणाले तर तिथे वाद न घालता पेन्सिलीने खूण करावी आणि दुसऱ्या दिवशी त्या माणसाकडे जाऊन त्याची बाजू लिहून घ्यावी. आमच्या वहीत अशा अकरा खुणा झाल्या, त्यांपैकी सात त्या चौथ्या पिढीतल्या भावाच्या पानावर आहेत, आणि त्याच्यासाठी दोन कोरी पाने मी अजून राखून ठेवली आहेत.