मोतीबिंदूचं ऑपरेशन आणि सिलिंडर नंबर

ऑपरेशनमध्ये डोळ्यात बसवायची टोरिक लेन्स (सिलिंडर नंबरही घालवणारी कृत्रिम लेन्स) चष्म्याच्या नंबरावरून ठरवू नका. सिलिंडर म्हणजे वक्रता सगळ्या दिशांना सारखी नसल्याने येणारा नंबर. चष्म्यातला काही सिलिंडर मोतीबिंदू झालेल्या भिंगाचा असतो, तो भिंगाबरोबरच जातो. कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, मागे राहतो. म्हणून केराटोमेट्रीसोबत (कॉर्नियाच्या वक्रतेचं माप) टोपोग्राफीही (त्या वक्रतेचा नकाशा) कराच. सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स या तपासण्यांआधी आठवडाभर तरी बंद हवी. डोळे कोरडे असतील तर आधी ते बरे करा, नाहीतर दर वेळी आकडा वेगळा येतो.

अक्षाची, म्हणजे टोरिक लेन्स ज्या दिशेत बसवायची तिची, खूण रुग्णाला ताठ बसवूनच करायची, कारण आडवं झाल्यावर डोळा किंचित फिरतो. लेन्स 1 अंश फिरली की सुमारे 3 टक्के परिणाम घटतो, 30 अंशांवर काहीच उरत नाही. ऑपरेशननंतर डोळा अजिबात चोळू नका. अक्षरांना सावली दिसली तर लगेच दाखवा. फिरलेली लेन्स सुरुवातीच्या आठवड्यांत जागेवर आणणं सोपं जातं. नवा चष्मा साधारण महिन्याने.