फ्लेमप्रूफ एरियातलं बॅटरीवरचं घड्याळ: या चुका टाळा

सॉल्व्हंट प्लांट असो, हायड्रोजनेशनची शेड असो की एलपीजी बॉटलिंग, पेट घेणारा वायू किंवा वाफ हवेत असू शकते अशा या फ्लेमप्रूफ एरियात भिंतीवरच्या बॅटरीच्या घड्याळाकडे विद्युत उपकरण म्हणून सहसा कुणी पाहत नाही. त्याला केबल नाही, ग्लँड नाही, स्विच नाही. इलेक्ट्रिकल विभागाला ते आपलं वाटत नाही आणि इन्स्ट्रुमेंटवाल्यांनाही नाही. मोटारी, दिवे, जंक्शन बॉक्स ईएक्स रजिस्टरात (स्फोटक वातावरणासाठी प्रमाणित उपकरणांच्या नोंदवहीत) असतात, घड्याळ मात्र स्टोअरच्या यादीत पंख्या-खुर्च्यांच्या शेजारी सापडतं. पुढच्या बहुतेक चुका इथूनच निघतात. म्हणून आधी घड्याळाला टॅग नंबर द्या आणि प्रमाणपत्राच्या प्रतीसह त्याची रजिस्टरात नोंद करा.

‘दीड व्होल्टनं काय होणार?’

हा समज सगळ्यात घातक. आयईसी ६००७९-११ या आंतरराष्ट्रीय मानकात ‘साध्या उपकरणा’ला प्रमाणपत्राशिवाय चालण्याची सवलत आहे, पण त्यासाठी १.५ व्होल्ट, १०० मिलिअँपिअर आणि २५ मिलिवॅट या तिन्ही मर्यादा एकाच वेळी पाळाव्या लागतात. नव्या अल्कलाइन पेन्सिल सेलवर मीटर लावला तर १.६ व्होल्टच्या आसपास दिसतं आणि शॉर्ट झाल्यास तोच सेल काही अँपिअर देतो. तारेचा एखादा बारीक तंतू लाल व्हायला तेवढं पुरतं, शिवाय सेलही तापतो. वायू पेटायला ठिणगीच लागते असं नाही, तापलेला पृष्ठभागही चालतो. त्यामुळे बाजारातलं साधं घड्याळ, मग ते कितीही चांगल्या कंपनीचं असो, झोन १ (जिथे नेहमीच्या कामात अधूनमधून स्फोटक वायू येतो) किंवा झोन २ (जिथे तो क्वचितच आणि थोडा वेळ येतो) मध्ये टांगू नका.

नेमप्लेट अर्धीच वाचणं

‘ईएक्स’ दिसलं की काम झालं असं मानलं जातं. निदान चार गोष्टी जुळवून पाहा. गॅस ग्रुप, म्हणजे वायू किती सहज पेटतो त्याचा वर्ग: हायड्रोजन किंवा ॲसिटिलीन असेल तर टू-सी (IIC) हवा, नुसता टू-बी (IIB) चालणार नाही. संरक्षण पातळी: झोन ० ला (जिथे वायू सतत असतो) जीए (Ga), झोन १ ला जीबी (Gb), झोन २ ला जीसी (Gc). तापमान वर्ग: टी४ म्हणजे पृष्ठभाग १३५ अंशांच्या वर जाणार नाही, टी६ म्हणजे ८५. चौथी गोष्ट हमखास राहून जाते, ती म्हणजे भोवतालचं तापमान. प्लेटवर काहीच लिहिलं नसेल तर प्रमाणपत्र फक्त उणे २० ते अधिक ४० अंशांपुरतं असतं. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात सावलीतलाच पारा ४५ च्या पुढे जातो. तिथे अधिक ५० किंवा ५५ चा शिक्का असलेलंच घड्याळ घ्या.

प्रमाणपत्र क्रमांकाच्या शेवटी ‘एक्स’ असेल तर काही विशेष अटी आहेत आणि त्या प्रमाणपत्राच्या आतल्या पानांवर असतात. पेट्रोलियम नियमांखाली येणाऱ्या जागेत परदेशी ॲटेक्स किंवा आयईसीईएक्स प्रमाणपत्रावर भागत नाही, नागपूरच्या पेसोची (केंद्र सरकारच्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संस्थेची) मान्यता लागते. साखर किंवा पिठाच्या धुळीच्या जागी गॅसचा शिक्का कामाचा नाही, धुळीचा वेगळा शिक्का हवा.

एक गोष्ट खरेदीच्या वेळीच पाहा. युरोपातून येणारी काही घड्याळं डीसीएफ७७ या जर्मन रेडिओ संकेतावर वेळ जुळवतात. तो संकेत फ्रँकफर्टजवळून निघतो आणि साधारण २००० किलोमीटरपर्यंत पोचतो, आपल्याकडे नाही. असं घड्याळ इथे संकेत शोधत राहतं आणि त्यात सेल लवकर संपतात. ही सोय नसलेलं किंवा ती बंद करता येणारं मॉडेल मागवा.

बसवताना

घड्याळाच्या बॉडीला छिद्र पाडू नका, मग ते ब्रॅकेटसाठी असो की टॅग रिव्हेट करायला. एका छिद्रानं प्रमाणपत्र निकामी होतं. टॅग स्टीलच्या तारेनं ब्रॅकेटला अडकवा. न वापरलेल्या एंट्रीत (केबलसाठी ठेवलेल्या छिद्रात) वाहतुकीचं प्लॅस्टिकचं बूच राहिलं असेल तर ते काढून प्रमाणित स्टॉपिंग प्लग बसवा. मोठे प्लॅस्टिकचे स्टिकर चिकटवू नका आणि काच किंवा पॉलिकार्बोनेट कोरड्या फडक्यानं पुसू नका. घासल्यानं स्थिर वीज साठते, फडकं ओलंच हवं.

रंगकाम हा वेगळाच ताप आहे. शटडाउनमध्ये ठेकेदाराची माणसं नेमप्लेटसकट सगळं रंगवून टाकतात. प्लेट वाचता येत नाही, त्या क्षणापासून ते उपकरण कागदोपत्री अनोळखी. शिवाय धातूवर रंगाचा थर टू-सी ग्रुपमध्ये ०.२ मिलिमीटरच्या वर गेला की स्थिर विजेचा प्रश्न पुन्हा येतो. रंग सुरू होण्याआधी घड्याळ उतरवून ठेवा.

सेल बदलताना

बहुतेक घड्याळांच्या पाठीवर धोकादायक क्षेत्रात सेल बदलू नका असं लिहिलेलं असतं. तरीही शिडीवर चढून जागीच झाकण उघडलं जातं. परमिट घ्या, घड्याळ झाकण न उघडताच उतरवा आणि सुरक्षित क्षेत्रातल्या टेबलावर आणा. गंजक्या लोखंडी प्लॅटफॉर्मवर ॲल्युमिनियमची शिडी आपटू देऊ नका, त्या घर्षणाची ठिणगी फार गरम असते.

बाहेरची धूळ पुसून मगच झाकण उघडा. सेल त्याच कंपनीचा आणि त्याच मॉडेलचा हवा, कारण प्रमाणपत्र देताना उघड्या सर्किटचं व्होल्टेज आणि शॉर्ट केल्यावरचं तापमान त्याच सेलवर तपासलेलं असतं. त्याच मापाच्या १.५ व्होल्टच्या लिथियम सेलचं उघडं व्होल्टेज १.८ च्या घरात असतं आणि तो प्रवाहही जास्त देतो. थायोनिल क्लोराइडचा ३.६ व्होल्टचा सेल तर त्याच खाचेत नीट बसतो, धोका तिथेच आहे. रिचार्जेबल १.२ व्होल्टचा, तोही नको. एकाहून जास्त सेल असतील तर सगळे एकदम बदला. जुना-नवा मिसळला की कमकुवत सेल उलटा चार्ज होतो आणि गळतो.

गळलेल्या सेलची पांढरी भुकटी फक्त संपर्कपट्टीवर असेल तर ती साफ करता येते. ती सर्किट बोर्डापर्यंत पोचली असेल तर घड्याळ उत्पादकाकडे पाठवा, जागेवर डाग देऊ नका. बंद करण्याआधी ओ-रिंगवर चीर किंवा केस नाही ना ते पाहा आणि स्क्रू मॅन्युअलमधल्या टॉर्कलाच आवळा. फ्लेमप्रूफ बॉडीच्या जोडावर सिलिकॉन सीलंट लावू नका. तो ज्वालामार्ग (आतली ज्वाला बाहेर पडण्याआधी थंड करणारी जोडातली अरुंद फट) बिघडवतो, शिवाय सिलिकॉनच्या वाफेनं जवळचे कॅटॅलिटिक गॅस डिटेक्टर बधिर होतात आणि ते मेले हे पुढच्या कॅलिब्रेशनपर्यंत कळतही नाही. वेळ सुरक्षित क्षेत्रातच लावून घ्या, साधा मोबाइल धोकादायक क्षेत्रात न्यायचा नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला नाही, रजिस्टरात तारीख लिहा.

लक्षणं ओळखा

सेकंद काटा ९ च्या आसपास एकाच जागी थरथरतोय? सेल संपत आलाय. ६ कडून १२ कडे वर चढताना काट्याला सगळ्यात जास्त जोर ९ पाशी लागतो. सेल नवा असूनही तसंच होत असेल तर घड्याळ तिरकं टांगलंय का, काटे तबकडीला घासताहेत का ते पाहा.

उन्हाळ्यात घड्याळ मागे पडतं आणि लोक सेल बदलत बसतात. दोष बहुधा सेलचा नसतो. क्वार्ट्झचा स्फटिक २५ अंशांच्या आसपास नेमका चालतो, त्यापासून दूर गेला की मंदावतो. ४५ अंशांवर दिवसाला सुमारे १.२ सेकंद, म्हणजे महिन्याला ३५ सेकंद मागे. बॅच लॉगशीटवर हीच वेळ टिपली जात असेल तर उन्हाळ्यात महिन्यातून एकदा वेळ जुळवा.

काचेच्या आत दव दिसलं तर पावसाळ्यात उघड्यावर झाकण काढलेलं असतं किंवा ओ-रिंग गेलेली असते. एसी खोलीत उघडून वाळवा, ओ-रिंग मूळ उत्पादकाचीच घाला. सिलिका जेलची पुडी आत टाकायची नाही, प्रमाणपत्रात नसलेली कुठलीच वस्तू आत जात नाही. काचेला तडा असेल तर घड्याळ त्याच दिवशी उतरवा.

तपासणी आयईसी ६००७९-१७ प्रमाणे ठेवा. दोन तपासण्यांमध्ये तीन वर्षांपेक्षा जास्त अंतर नको. नजरेनं तपासणी मात्र दर वेळी सेल बदलताना करा, घड्याळ तसंही हातात असतं.