सरी सोडण्याआधी बेसची जागा पक्की करा

पूर्वहंगामी उसाच्या लागणी आता सुरू होतील. ट्रॅक्टरला ऑटोस्टिअर (उपग्रहाच्या आधाराने ट्रॅक्टर आपोआप सरळ वळवणारी यंत्रणा) बसवलेलं असेल किंवा भाड्याने आणणार असाल, तर रान तयार करतानाच बेसचंही, म्हणजे तिपाईवर एका जागी ठेवायच्या उपग्रह-रिसीव्हरचंही, बघून घ्या.

साध्या जीपीएसमध्ये ३ ते ५ मीटरचा फरक सहज पडतो. भारताच्या ‘गगन’ यंत्रणेच्या उपग्रहांची दुरुस्ती मिळाली की तो बराच कमी होतो, क्षेत्राचा अंदाज घ्यायला तेवढं पुरतं. पण ५ फुटांच्या सरीला आरटीकेच लागतं, म्हणजे जमिनीवरच्या बेसकडून चालता चालता मिळणारी दुरुस्ती. त्यात चूक २-३ सेंटिमीटरवर येते. एका जागी ठेवलेल्या बेसला स्वतःचं ठिकाण माहीत असतं, त्यामुळे उपग्रह किती चुकतोय ते त्याला कळतं आणि तो ते रेडिओवरून ट्रॅक्टरला कळवतो. दोघांवरचं आभाळ एकच, म्हणून ही वजाबाकी जमते. बेस १०-१५ किलोमीटरच्या आतच ठेवा.

आमची चूक सांगतो. ठिबकच्या नळ्या ऑटोस्टिअरने जमिनीत गाडल्या, बेसची तिपाई उचलली. चार दिवसांनी ती अंदाजाने तिथेच उभी केली आणि बेसला स्वतःचं ठिकाण पुन्हा नव्याने काढू दिलं. पडद्यावर ‘फिक्स’ (सेंटिमीटरची अचूकता मिळाल्याची खूण) दिसत होतं, सरी सुतासारखी सरळ पडत होती. तिसऱ्या सरीला रिजरच्या फाळाला गुंडाळून काळी नळी वर आली. सगळ्या रेषा दीड फूट सरकल्या होत्या! बेसने आपली जागा चुकीची धरली, की ट्रॅक्टर तीच चूक इमानाने गिरवतो.

म्हणून बांधावर सिमेंटमध्ये लोखंडी खिळा पुरा. पहिल्या दिवशी मिळालेले अक्षांश, रेखांश आणि उंची वहीत लिहा, पुढच्या वेळी तेच आकडे हाताने भरा. अँटेनाची उंचीही टेपने मोजून लिहा. जागा उघडी हवी. आंब्याची सावली किंवा पत्र्याची शेड जवळ असेल तर सिग्नल अडतो, आपटून परततो, आणि ती चूक दुरुस्तीने निघत नाही.

आणखी एक, ऑक्टोबरात हे बऱ्याचदा घडतं. दिवस मावळल्यावर मध्यरात्रीपर्यंत वरच्या वातावरणातल्या विद्युतभारित थरात खळबळ होते, सिग्नल तुटतो. आपल्या अक्षांशांवर हा त्रास जास्त. ‘फिक्स’ जाऊन ‘फ्लोट’ (अचूकता घटल्याची खूण) आलं की ट्रॅक्टर थांबवा. राहिलेल्या सऱ्या सकाळी सोडा.