कॉलेजात आय-ट्रिपल-ईची विद्यार्थी शाखा: पहिलं वर्ष कसं सांभाळाल

आय-ट्रिपल-ई (IEEE) म्हणजे विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांची आंतरराष्ट्रीय संघटना; तिची शाखा कॉलेजात काढायची, तर आधी प्राध्यापक गाठा. शाखेचे समुपदेशक, म्हणजे मार्गदर्शक म्हणून सही त्यांचीच लागते आणि ते स्वतः आय-ट्रिपल-ईचे सदस्य असावे लागतात. विषयातले दिग्गज शोधण्यापेक्षा, ज्यांची केबिन उघडी असते असे सर किंवा मॅडम निवडा.

बहुतेकांची चूक होते ती सदस्यत्वाच्या तारखेत. आय-ट्रिपल-ईचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर चालतं, आपलं कॉलेज पावसाळ्यात सुरू होतं. जुलैत उत्साहाने पैसे भरलेल्या मुलांचं सदस्यत्व ३१ डिसेंबरला संपतं, मग जानेवारीत पुन्हा फी मागावी लागते आणि निम्मी मुलं गळतात. १६ ऑगस्टपासून भरलेली फी मात्र पुढच्या वर्षीच्या डिसेंबरपर्यंत चालते. म्हणून जुलैत फक्त नावं घ्या, पैसे १६ ऑगस्टपासून.

पैसे कुणाच्या खासगी यूपीआयवर नकोत. कॉलेजच्या खात्यात घ्या, पावती द्या. एकाने खर्च करावा, दुसऱ्याने हिशेब लिहावा.

पहिला कार्यक्रम छोटा ठेवा: सोल्डरिंगची (धातू वितळवून सर्किटचे भाग जोडण्याची) दोन तासांची कार्यशाळा, एका सोल्डरिंग आयर्नवर दोघं, म्हणजे वीस जणांना दहा आयर्न. प्रयोगशाळेच्या सहायकांना आठवडाभर आधी भेटा, किल्ली त्यांच्याकडे असते. मुंबईत असाल तर रविवार टाळा, लोकलचा मेगाब्लॉक असतो. चारपर्यंत आवरा, विरार-कर्जतच्या मुलांना गर्दीआधीची गाडी मिळायला हवी.

खजिनदार आणि सचिव यांपैकी एक तरी दुसऱ्या वर्षाचा हवाच. सगळे शेवटच्या वर्षाचे असले, की प्लेसमेंट सुरू होताच शाखा ओस पडते.