उन्हाळी संगणन शिबिर: आधी काय काय उरकायचं

वेळ आधी ठरवा. मे महिन्यात सोलापुरात पारा चाळिशीच्या वरच असतो, म्हणून साडेसातला सुरू, अकराला बंद. दुपारची बॅच नको म्हणजे नको.

मुलं निवडताना मार्कशीट बाजूला ठेवा. नववी-दहावीच्या मुलांना एकच प्रश्न द्या: उजनी धरणात पाणी दिसतंय, तरी पेपरात साठा ‘वजा’ कसा? एकूण सुमारे ११७ टीएमसीपैकी ६३ च्या आसपास मृतसाठा (दारांच्या खाली राहणारं, सहज सोडता न येणारं पाणी), आणि शून्य धरतात ते त्याच्या वर. हे पाठ असलेल्यापेक्षा ‘शून्य कुठे धरलंय?’ असं विचारणारं पोरगं आपल्याला हवं.

मशीन ३२ बिटचं की ६४ चं हे बघून इन्स्टॉलर घ्या. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा, आणि तिच्या जोडीला नमपाय (आकडेमोडीसाठी) व मॅटप्लॉटलिब (आलेखांसाठी) आदल्या आठवड्यातच टाका. नेटच्या भरवशावर राहू नका, सगळं दोन पेनड्राईव्हवर ठेवा. ‘झालंय सर’ यावर जाऊ नका, प्रत्येक मशीनवर एक आलेख काढून बघा. लाईट जाणारच, तेव्हा वह्या आणि आलेखकागद हाताशी असू द्या.

पहिल्या दिवशी पायथनचं व्याकरण नको. ०.१ + ०.२ टाइप करायला लावा. उत्तरात ३ च्या पुढे पंधरा शून्यं आणि शेवटी ४ येतो, आणि वर्गात गलका होतो. होऊ द्या. एक-दशांश बायनरीत, म्हणजे कॉम्प्युटरच्या ०-१ च्या अंकांत, नेमका मावत नाही, हे मग सांगा. १९९१ मध्ये सौदी अरेबियातल्या धाहरानला पॅट्रियट या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेचं, सेकंदाचे दशांश मोजणारं घड्याळ याच कारणाने शंभर तासांत ०.३४ सेकंद चुकलं, क्षेपणास्त्र अडवलं गेलं नाही आणि २८ सैनिक गेले. ही गोष्ट सांगणाऱ्याने आकडे पाठ करून यावं.

दुसऱ्या दिवसासाठी चहा, कप आणि प्रयोगशाळेतला थर्मामीटर. तापाचा चालणार नाही, तो ४२ ला संपतो. आपल्याकडे खोलीच जवळपास तिथे पोचलेली असते. दर दोन मिनिटांनी नोंद, मग न्यूटनचा थंड होण्याचा नियम (खोलीपेक्षा जितकं जास्त गरम, तितकं भराभर थंड) ऑयलरच्या पद्धतीने, म्हणजे वेळेची छोटी छोटी पावलं टाकत, चार-पाच ओळींच्या प्रोग्राममध्ये. पाऊल एक मिनिटाचं दिलं की वक्र नोंदींशी जुळतो. तासाचं दिलं की चहा खोलीपेक्षा थंड होतो! इथे घाई करू नका. उत्तरावर संशय घ्यायला मुलं इथेच शिकतात.

घरी कॉम्प्युटर नसलेल्यांची नावं वेगळी काढा आणि जूनमध्ये शाळा भरल्यावर त्यांना लॅब रोज तासभर मिळेल, अशी परवानगी मुख्याध्यापकांकडून आत्ताच लेखी घ्या. बॅनरचं नंतर बघू.