मोडल डायलॉग: कधी दाखवावा, कसा घडवावा

मोडल डायलॉग, म्हणजे पानावर उघडणारी प्रश्नाची किंवा फॉर्मची चौकट, उघडला की मागचे पान निष्क्रिय होते आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय किंवा तो बंद केल्याशिवाय वापरकर्त्याला पुढे जाता येत नाही. म्हणूनच तो योजण्यापूर्वी हे उत्तर मिळाल्याशिवाय काम खरोखरच अडते का, याची शहानिशा करावी. फाइल कायमची पुसली जाणार असेल किंवा अर्धवट भरलेला फॉर्म सोडून कोणी बाहेर पडत असेल, तर त्याला अडवणे रास्त आहे. ‘माहिती जतन झाली’ एवढेच कळवायचे असेल, तर पानावरची एक ओळ पुरते. जी कृती मागे घेता येते, तिच्यासाठी तर विचारूच नये. कृती लगेच करावी आणि ‘पूर्ववत करा’ हे बटण थोडा वेळ समोर ठेवावे, कारण ऊठसूट परवानगी मागितली की लोक न वाचताच होकार देऊ लागतात आणि खरोखर धोक्याचा प्रश्नही त्याच सवयीने निकालात निघतो.

मजकुरात सर्वाधिक गोंधळ बटणांवर होतो. ‘आरक्षण रद्द करायचे का?’ या प्रश्नाखाली ‘ठीक आहे’ आणि ‘रद्द करा’ अशी बटणे असतील, तर दुसऱ्या बटणाने आरक्षण रद्द होणार की नुसता डायलॉग मिटणार, हे सांगता येत नाही. तेथे ‘आरक्षण रद्द करा’ आणि ‘आरक्षण राहू द्या’ असे लिहावे, म्हणजे वरचा प्रश्न न वाचणाऱ्यालाही परिणाम कळतो.

दिसण्यापेक्षा अधिक कस लागतो तो फोकस (कीबोर्डची कळ पानावरील ज्या घटकाला लागू होते ती जागा) सांभाळताना, आणि नेमके हेच काम बहुधा शेवटावर ढकलले जाते. डायलॉग उघडताच फोकस आत गेला पाहिजे, टॅब कळ दाबत राहिल्यास तो मागच्या पानातील दुव्यांवर घसरता कामा नये, एस्केप कळीने डायलॉग बंद व्हावा आणि ज्या बटणाने तो उघडला होता तेथेच फोकस परतावा. कृती विध्वंसक असेल, तर सुरुवातीचा फोकस सुरक्षित पर्यायावर ठेवावा.

यातले बरेचसे काम एचटीएमएल या वेबपाने लिहिण्याच्या भाषेतील ‘डायलॉग’ हा घटक स्वतःच करतो आणि मार्च २०२२ पासून तो सर्व प्रमुख ब्राउझरांत उपलब्ध आहे. मात्र तो ‘शोमोडल’ पद्धतीनेच उघडावा. नुसत्या ‘ओपन’ गुणधर्माने उघडल्यास तो मोडल राहत नाही. मागचे पान स्क्रोल होणे थांबवणे आणि स्क्रीन रीडरसाठी (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीसाठी) शीर्षक ‘एरिया-लेबल्डबाय’ या गुणधर्माने जोडणे, ही दोन कामे तरीही आपल्याकडेच राहतात.

बाहेर क्लिक केल्यावर डायलॉग बंद होणे ही एरवी सोय असते, पण आत फॉर्म असेल तर चुकीच्या एका स्पर्शाने टंकलेले सारे जाते, तेव्हा तेथे ती सोय देऊ नये. डायलॉगवर दुसरा डायलॉग उघडण्याची वेळ आली, तर ते काम स्वतंत्र पानाचे आहे असे समजावे. मोबाइलवर कीबोर्ड वर आल्यानंतरही बटणे हाताशी राहतात का, आणि मागे जाण्याच्या बटणाने अख्खे पान न सुटता केवळ डायलॉग बंद होतो का, हे प्रत्यक्ष फोनवरच तपासावे.