प्रोक्रिएटमध्ये पेन्सिलीचा दाणेदारपणा टिकवताना
आयपॅडवर प्रोक्रिएट या चित्रकलेच्या ॲपमध्ये काढलेले पेन्सिलचित्र पुष्कळदा गुळगुळीत आणि निर्जीव दिसते, आणि त्याचे कारण बहुधा ब्रशमध्ये नसून खोडण्याच्या व छटा पुसट करण्याच्या पद्धतीत असते. ‘६बी पेन्सिल’ हा ब्रश घेऊन ॲपल पेन्सिल तिरपी धरली, की शिसाची कड घासल्यासारखी रुंद, दाणेदार छटा उमटते. मात्र तीच छटा मऊ एअरब्रशने पसरवली, तर कागदाचा पोत नाहीसा होतो. म्हणून खोडरबराच्या चिन्हावर बोट दाबून धरावे, म्हणजे हातातला ब्रशच खोडरबर म्हणून लागू होतो. स्मजच्या, म्हणजे छटा पसरवण्याच्या साधनाच्या, चिन्हावरही हे चालते. गालावरचा उजेड अशा दाणेदार खोडरबराने हलक्या हाताने उचलला, तर त्याची कड कापल्यासारखी दिसत नाही. रंग निव्वळ काळा न घेता गडद करडा घ्यावा, कारण खऱ्या ग्रॅफाइटला तेवढा काळेपणा येत नाही. जिथे गडदपणा हवा तिथे, नुसता दाब वाढवण्याऐवजी रेघांची दिशा किंचित बदलत थरावर थर द्यावेत. माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे म्हणजे छटा भरताना पूर्ण पान डोळ्यांसमोर ठेवावे, कारण पडद्यावर चित्र फार मोठे (झूम) करून भरलेला भाग नंतर सपाट वाटतो.